त्रास झाला म्हणजे गुण आला?

गेल्या श्रावणातील गोष्ट. आमच्या हडपसरच्या चाळीतील शेजारच्या काकू एका आहार-शिबिराला जाऊन आल्या आणि येताना आईसाठी एक पुस्तिका घेऊन आल्या. सात दिवसांत शरीरातील सर्व विषारी द्रव्ये बाहेर काढण्याचा कार्यक्रम तीत दिला होता. चहा बंद, भाकरी-पोळी बंद, मीठ बंद. सकाळी दुधी भोपळ्याचा रस, दुपारी फळे, रात्री नुसते भाज्यांचे सूप. आईला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. ती एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, दिवसभर उभी असते आणि संध्याकाळी तिचे पाय सुजतात. गोळ्यांचा तिला कंटाळा आला होता. तिला वाचता येत नाही, म्हणून पुस्तिका मी वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी तिचे डोके ठणकू लागले. तिसऱ्या दिवशी उठून उभी राहिली की अंधारी येऊ लागली. मी पुन्हा पुस्तिका उघडली. तिच्यात डोकेदुखी, चक्कर, मळमळ, जुलाब, थकवा, हातापायांना कंप, अंगावर पुरळ अशी यादीच होती आणि खाली लिहिले होते, की ही सारी विषे बाहेर पडत असल्याची लक्षणे आहेत, घाबरून जाऊन प्रयोग सोडू नये. मी ते मोठ्याने वाचले. आई म्हणाली, "लिवलंय ना तसं? मग बरं होतंय म्हनायचं."

चौथ्या दिवशी पहाटे ती घामाने चिंब झाली होती. हात लटपटत होते आणि ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातील साखर ४८ निघाली. ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात ती शुद्धीवर आली. डॉक्टर बाईंनी विचारले, "गोळी रोजची चालू आणि भाकरी बंद? हे कुणी सांगितलं तुम्हाला?" आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी जे वाचून दाखवते ते घरात खरे ठरते. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. आहार बदलल्यावर होणारा त्रास हा खरोखरच बरे होण्याचा भाग असतो का? गेले काही महिने ग्रंथालयात बसून आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

कल्पनेचा उगम

ही कल्पना आजची नाही, आणि तिचा एक मोठा धागा आपल्या पुण्यातूनच गेलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील लायपझिग शहरी लुई कुन्हे नावाचे निसर्गोपचारक होते. शरीरात साठलेली 'विजातीय द्रव्ये' हेच सर्व रोगांचे मूळ आणि ती बाहेर काढणे हाच सर्व रोगांवर उपाय, असे त्यांचे मत होते. पुढे अमेरिकेत शिकागोच्या हेन्री लिंडलार यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'नेचर क्युअर' या पुस्तकात उपचाराच्या काळात उसळणाऱ्या त्रासाला 'हीलिंग क्रायसिस', म्हणजे बरे होतानाचा उभार, हे नाव देऊन त्याचे सविस्तर विवेचन केले.

महात्मा गांधींनी कुन्हे यांचे विचार वाचले होते आणि कटिस्नान, मातीच्या पट्ट्या असे उपचार स्वतःवर केले होते. आरोग्यावरील 'आरोग्यनी चावी' ही त्यांची छोटी पुस्तिका १९४२ साली आपल्या येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासात लिहिली गेली. ताडीवाला रस्त्यावरील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत असत. त्याच जागी १९८६ पासून राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था काम करू लागली. मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि गांधीजींच्या पश्चात मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. हडपसरहून सोलापूर रस्त्याने उरुळीला जाणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आले आहे. साधा आहार, चालणे, विश्रांती आणि व्यसनमुक्ती यांनी तेथे अनेकांना बरे वाटते, यात नवल नाही. माझा प्रश्न निसर्गोपचाराला नसून त्यातून सुटून पुस्तिकांत शिरलेल्या एका वाक्याला आहे: "त्रास होतो आहे, म्हणजे गुण येतो आहे."

गांधीजींचेच उदाहरण येथे बोलके आहे. १९२९ साली त्यांनी न शिजवलेल्या अन्नावर राहण्याचा प्रयोग केला आणि त्याची हकीगत 'यंग इंडिया'तून प्रसिद्ध केली. शेवटी त्यांना आमांश झाला. तेव्हा विष बाहेर पडते आहे असे म्हणून ते प्रयोग रेटत राहिले नाहीत. प्रयोग थांबवून ते पुन्हा बकरीच्या दुधाकडे वळले आणि हेही त्यांनी वाचकांना उघडपणे सांगितले.

लिंडलार यांनीसुद्धा दोन प्रकारचे उभार सांगितले होते: एक बरे होण्याचा आणि दुसरा रोग बळावल्याचा. आजच्या पुस्तिकांत पहिला तेवढा उरला आहे, दुसरा गळून पडला आहे.

एकेक लक्षणाची झडती

आता यादीतील लक्षणे एकेक करून पाहू.

डोकेदुखी घेऊ. आई दिवसाला सहा-सात वेळा चहा घेते. चहातील कॅफिन मेंदूतील अ‍ॅडेनोसिन या द्रव्याचे काम अडवून धरते. रोजच्या सवयीने मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. चहा एकाएकी तोडला की अ‍ॅडेनोसिनचा जोर एकदम वाढतो, डोक्यातील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकते. ही डोकेदुखी साधारणपणे शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत कळसाला पोहोचते आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरते. आईचे डोके दुसऱ्याच दिवशी का दुखले, याचा उलगडा येथे होतो. आणखी एक गंमत पाहा. अशा वेळी कपभर चहा घेतला तर डोके बहुधा लवकरच उतरते. डोकेदुखी विष बाहेर पडण्याने होत असती, तर ज्याला पुस्तिका विष म्हणते तोच चहा घेऊन ती थांबली कशी असती?

चक्कर आणि वजन. आपले यकृत आणि स्नायू मिळून सुमारे ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. भाकरी-पोळी बंद केली की हा साठा वापरला जातो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जाते. त्याबरोबर मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात. अंगातील पाणी आणि मीठ कमी झाले की उठून उभे राहताना रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात पुस्तिकेने जेवणातील मीठही बंद केले होते! तीन दिवसांत दोन किलो उतरले म्हणून काकू खूश होत्या. त्यांपैकी बरेचसे पाणीच होते.

पोट फुगणे आणि जुलाब. न पचलेले तंतू आणि फळांतील काही साखरी मोठ्या आतड्यात पोहोचल्या की तेथील जंतू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. कोशिंबिरी, कडधान्ये हळूहळू वाढवली तर आतडे त्याला सरावते. एका दिवसात दुप्पट केली तर पोट तक्रार करते. फळांचे रस खूप घेतले तर त्यांतील साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात.

तोंडाचा वास आणि जिभेवरचा थर. उपासात शरीर चरबी जाळू लागते, त्यात अ‍ॅसिटोन तयार होते आणि ते श्वासातून बाहेर पडते. चावणे कमी झाले की लाळ कमी सुटते आणि जिभेवर पांढरा थर साचतो. एकादशीला किंवा नवरात्रात हे सारे आपण अनुभवतोच. घरी उपासाच्या दिवशी डोके उठले तर आजी "पित्त झालंय" म्हणते आणि काहीतरी खाऊन घ्यायला सांगते. अंग तेच आणि दुखणेही तेच, पण पुस्तिकेत शिरल्यावर त्याचे नाव बदलते आणि खाण्याऐवजी उपाशी राहण्याचा सल्ला मिळतो.

कंप आणि घाम. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. भाकरी गेली आणि गोळी राहिली, तर रक्तातील साखर घसरत जाते. ७० च्या खाली गेली की घाम, कंप, धडधड, भूक. आणखी खाली गेली की गोंधळ आणि बेशुद्धी. आईच्या बाबतीत हेच घडले. मेंदू साखरेसाठी हाका मारत होता आणि मी त्या हाकांना शुभलक्षण म्हणून वाचून दाखवत होते.

म्हणजे प्रत्येक लक्षणाला स्वतःचे कारण आहे, स्वतःचे वेळापत्रक आहे. सगळ्यांना एकाच 'विषा'च्या खात्यावर टाकण्याची गरज उरत नाही.

ते विष कोणते?

खऱ्या विषाला नाव असते आणि त्याचे माप घेता येते. शिसे अंगात गेले तर रक्त तपासून ते किती आहे हे सांगता येते आणि औषध दिल्यावर किती उतरले तेही मोजता येते. पुस्तिकेतील विषाचे नाव मात्र कोठेच सापडत नाही. २००९ साली ब्रिटनमधील 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेशी संबंधित तरुण शास्त्रज्ञांनी 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या पंधरा वस्तूंच्या कंपन्यांना त्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा कोणत्याही दोन कंपन्यांची व्याख्या जुळली नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी उपलब्ध अभ्यास चाळले. बाजारात विकल्या जाणाऱ्या अशा आहारांची माणसांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी झाल्याचे त्यांना आढळले नाही.

शरीर स्वतः मात्र स्वस्थ बसलेले नसते. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतील बहुतेक पुन्हा रक्तात घेऊन दीड-दोन लिटर लघवी तयार करतात. यकृत औषधे, मद्य, अमोनिया यांचे रूप पालटून त्यांना बाहेरची वाट दाखवते. हे काम सणावारी नाही, अखंड चालते. सात दिवसांच्या रसाने त्याचा वेग वाढतो असे दिसत नाही.

कावळा आणि फांदी

यावर काकूंचे म्हणणे असे, की "मला तर सातव्या दिवशी अगदी हलकं वाटलं, मग ते खोटं का?" ते खोटे नाही. पण चहाची डोकेदुखी काहीही न करता आठवड्यात थांबणारच होती. ठणका थांबला की हलके वाटतेच. शिवाय तळलेले, शिळे आणि रात्री उशिराचे खाणे त्या आठवड्यात बंद होते, झोप वेळेवर होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली असे आपण म्हणत नाही. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटले आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा तर्काचा आहे. पुस्तिकेप्रमाणे बरे वाटले तर गुण आला; त्रास झाला तर विष निघते आहे, म्हणजे गुण येतो आहे; काहीच झाले नाही तर विष खोलवर आहे, प्रयोग वाढवावा. मग कोणती गोष्ट घडली असती म्हणजे उपाय चुकला असे ठरले असते? कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने विसाव्या शतकात हाच निकष मांडला: जे विधान कोणत्याही अनुभवाने खोटे ठरूच शकत नाही, ते विज्ञानाचे विधान नव्हे. परीक्षेत उत्तर बरोबर आले तरी पास, चूक आले तरी पास, असे असेल तर त्या गुणपत्रिकेला काय किंमत?

उपचार लागू पडताना त्रास वाढतो असे कधीच घडत नाही का? घडते. उपदंशात किंवा कोकणात पावसाळ्यात आढळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये पेनिसिलिन दिल्यावर काही रोग्यांना काही तासांत थंडी-ताप भरतो. मोठ्या संख्येने मरणाऱ्या जंतूंतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे तो येतो आणि बहुधा एका दिवसात उतरतो. यारिश आणि हर्क्सहायमर या दोन वैद्यांच्या नावाने ही प्रतिक्रिया ओळखली जाते. पण तेथे रोगजंतू माहीत आहे, औषध माहीत आहे, काळ ठरलेला आहे. आणि तरीही डॉक्टर तिला शुभ मानत नाहीत, रोग्यावर लक्ष ठेवतात. हे उदाहरण उचलून भाकरी सोडल्यावर येणाऱ्या चकरेला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर स्वतःचे नाव घालणे होय.

दुधीचा धडा

या समजुतीतील खरा धोका दुधीच्या रसात दिसतो. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन ही खरोखरची विषारी द्रव्ये असतात. कडू रस प्याल्यावर उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात. भारतात त्याने मृत्यू झाले आहेत. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यातही एक मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा या विषयावरील अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे, की रस करण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू असेल तर पूर्ण टाकून द्यावा आणि रस प्याल्यावर त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आता विचार करा. उलट्या आणि जुलाब ही विष बाहेर पडण्याची चिन्हे आहेत असे ज्याला पढवले आहे, तो माणूस कडू दुधीचा रस प्याल्यावर काय करील? घरीच पडून राहील. ज्या लक्षणाने त्याला उठवून दवाखान्यात न्यायचे, तेच लक्षण त्याला थोपटून झोपवील.

हळूहळू बदलावे

आहार बदलूच नये असा याचा अर्थ मुळीच नाही. आईच्या डॉक्टर बाईंनीही तिला आहार बदलायलाच सांगितले आहे. प्रश्न रीतीचा आहे. येथे मला आपल्याच जुन्या ग्रंथात एक शहाणपण सापडले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडताना ती एकदम न तोडता चौथ्या-चौथ्या हिश्शाने कमी करावी आणि हितकर गोष्ट तशीच हिश्शाहिश्शाने वाढवावी, असा क्रम सांगितला आहे. वमन-विरेचनासारख्या शोधन उपचारांबद्दलही त्याच संहितेच्या सिद्धिस्थानात शोधन प्रमाणाबाहेर झाले तर होणाऱ्या उपद्रवांची चर्चा आहे. म्हणजे जितके अधिक बाहेर पडेल तितके बरे, असे आयुर्वेदही म्हणत नाही.

वाचकांनी घरी सांगावे असे थोडक्यात इतके:

१. चहा-कॉफी सोडायची असेल तर दर काही दिवसांनी एकेक कप कमी करावा.

२. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांची औषधे चालू असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये आणि गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

३. सौम्य डोकेदुखी, थोडे पोट फुगणे दोन-चार दिवसांत ओसरले तर चिंता नाही. पण तो त्रास म्हणजे फायदा नव्हे.

४. घाम-कंप, बडबड, शुद्ध हरपणे, सारख्या उलट्या, रक्त पडणे, छातीत दुखणे, ओठ-चेहरा सुजणे यांपैकी काहीही झाले तर प्रयोग तेथेच थांबवून दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाला घाम-कंप सुटला आणि तो शुद्धीवर असेल, तर आधी साखरेचे पाणी द्यावे.

शेवटी एक कबुली द्यायची राहिली. त्या पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर, छापखान्याच्या नावाच्या वर, अगदी बारीक अक्षरांत एक ओळ होती: मधुमेहींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ती मी दवाखान्यातून परत आल्यावर वाचली. मला वाचता येत होते, पण मी सगळे वाचले नव्हते, आणि जे वाचले त्याला प्रश्न विचारला नव्हता.

आईने आता चहा तीन कपांवर आणला आहे, तोही दीड महिन्यात. गोळी आणि जेवणाची वेळ ती चुकू देत नाही. परवा काकू आणखी एक पत्रक घेऊन आल्या. मी वाचायला घेतले तेव्हा आई म्हणाली, "आदी शेवटचं पान वाच. बारीक लिवलेलं."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला